साहेबांच्या नावाआधीची तिरकी रेघ

संचालकांच्या नावाआधी मशीन तिरकी रेघ मारतं, अशी तक्रार माझ्याकडे आली तेव्हा मी मोठ्याने हसले. मग ती तक्रार लेखी आहे आणि तिच्यावर 'तातडीचे' असा लाल शिक्का आहे हे दिसल्यावर हसू गिळलं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. ह्यांची बँकेतली बदली कलकत्त्याला झाली आणि पुण्यात गणित शिकवत असलेली मी त्यांच्या मागोमाग तिथे गेले. घरी बसून कंटाळा आला म्हणून बागबाजारच्या पलीकडे असलेल्या, तागावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत अर्ज टाकला. त्यांच्याकडे नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि तो कुणालाच नीट येत नव्हता. मला थोडासा येत होता, म्हणजे मी त्यावरचं एक पुस्तक वाचलेलं होतं. तेवढ्यावर मला प्रोग्रामर म्हणून घेतलं.

आमच्या विभागाचे प्रमुख अमेरिकेहून परतलेले होते. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. येताना त्यांनी एका विद्यापीठातून युनिक्सची टेप आणली होती. विमानात ती त्यांनी पोटाशी धरून ठेवली होती, असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. आमच्या बेताच्या मशीनवर ही युनिक्स प्रणाली बसवली की एकाच वेळी अनेक जण वेगवेगळ्या खोल्यांत बसून त्यावर काम करू शकत, ही तेव्हा फार नवलाची बाब होती. 'अनेक जण' म्हणजे आमच्याकडे तीन ठिकाणं. एक मशीनरूममध्ये. दुसरं मागच्या इमारतीत, सर्वेक्षण विभागात. तिथे एक जुनं टेलिटाइप होतं, कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापणारं. आणि तिसरं संचालकांच्या खोलीत. ते मात्र काचेच्या पडद्याचं, नवंकोरं. संचालकांना पडदा कशाला, असं कुणी विचारलं नाही. दुसऱ्या एका संस्थेच्या संचालकांकडे तो होता, एवढं कारण पुरेसं होतं. त्यांच्या पत्नीने त्यावर घालायला क्रोशाचं झाकणही विणून पाठवलं होतं.

साहेबांचं पडद्यावरचं काम एकच. त्यांचे पी.ए. मशीनरूममध्ये येऊन पत्रांचे मसुदे टाइप करत आणि साहेब ते आपल्या खोलीत पडद्यावर वाचून मंजूर करत. पी.ए. हे पन्नाशीचे, धोतर नेसणारे, अतिशय टापटिपीचे गृहस्थ होते. इंग्रजी असं लिहीत की स्वल्पविराम काढायला जागा नसे. मशीनला पहिल्यांदा हात लावण्यापूर्वी त्यांनी रुमालाने हात पुसले होते, तेही मशीनला घाण लागू नये म्हणून.

तक्रार दोन भागांत होती. एक, साहेबांच्या पडद्यावर सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत येतो, जणू मशीन त्यांच्यावर ओरडतंय. आणि दोन, त्यांच्या नावाआधी तिरकी रेघ येते. खरं तर रेघा पत्रभर होत्या. पण माणसाला आपलं नाव आधी दिसतं. त्यात साहेबांच्या नावाला दोन आद्याक्षरं, मग आडनाव आणि मग पदव्यांची लांबलचक शेपटी. पदव्या सगळ्या कॅपिटलमध्ये, त्यामुळे तिथे प्रत्येक अक्षराआधी एक रेघ येऊन कुंपणच तयार झालं होतं.

मी साहेबांच्या खोलीत गेले. कुणी टाइप करताना ते खोलीत थांबत नसत, आणि स्वतः टाइप करताना दुसऱ्या कुणाला थांबू देत नसत. इतक्या मोठ्या माणसाने एका बोटाने एकेक अक्षर शोधताना कुणाला दिसावं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतंच. ते शेजारच्या खोलीत चहा प्यायला गेले. मी डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवरून साहेबांचं नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला, मसुदा उघडला. सगळं व्यवस्थित. लहान अक्षरं लहान, मोठी मोठी, रेघ एकही नाही.

"सर, आता बरोबर आहे," मी सांगितलं.

"काय केलंत?"

काहीच केलं नव्हतं. पण तसं सांगणं बरं दिसेना. "तपासलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार. पुन्हा मी गेले, पुन्हा सगळं व्यवस्थित. असं वारंवार व्हायला लागल्यावर साहेब माझ्याकडे, गैरहजेरीत खोड्या करणाऱ्या मुलाच्या आईकडे बघावं तसं बघू लागले.

मग डॉक्टरांनी सूत्रं हातात घेतली. त्यांची पद्धत अशी की आधी फळ्यावर चौकोन काढायचे, चौकोनांना बाण जोडायचे आणि मग बाणांकडे बघत "इंटरेस्टिंग" म्हणायचं. पहिला आरोप विजेवर. कलकत्त्यात त्या दिवसांत काहीही बिघडलं, अगदी भात करपला तरी, लोक आधी लोडशेडिंगला शिव्या देत. विजेचा दाब कमीजास्त झाल्यामुळे अक्षरं 'फुगतात', असा सिद्धांत डॉक्टरांनी संस्थेच्या कॉम्प्युटर समितीपुढे मांडला. समितीत एक वनस्पतिशास्त्रज्ञ, एक हिशेबनीस आणि एक ग्रंथपाल होते. त्यांनी तो एकमताने मान्य केला. साहेबांच्या पडद्यासाठी दाब स्थिर ठेवणारी एक लोखंडी पेटी आली. ती दिवसभर गुणगुणायची. अक्षरं फुगलेलीच राहिली.

दुसरा आरोप तारेवर. मशीनरूमपासून साहेबांच्या खोलीपर्यंतची तार अंगणातून, गटाराच्या कडेने गेली होती. ती ओलाव्याने खराब झाली असणार, म्हणून नवी तार जमिनीखालून न्यायची ठरलं. अंगणात चर खणायला मजूर लावले आणि देखरेखीला मला उभं केलं. पी.ए. व्हरांड्यातून बघत होते. ते हळूच म्हणाले, "दीदी, तुम्ही मराठे इकडे येऊ नयेत म्हणून आमच्या पूर्वजांनी इथूनच, बागबाजारपासून, खंदक खणायला घेतला होता. आता तुम्ही स्वतःच खणून घेताय?"

"तो तरी पुरा झाला होता का?" मी विचारलं.

"छे. अर्ध्यावर सोडला."

"मग हाही सोडतील."

पण हा पुरा झाला. नवी तार पडली, माती लोटली गेली, साहेबांनी पडदा सुरू केला, आणि त्यांच्या पदव्यांभोवतीचं कुंपण जागच्या जागी होतं.

तिसरा आरोप पत्रं जुळवून मांडणाऱ्या प्रोग्रामवर. डॉक्टरांनी ती अमेरिकेची टेप कपाटातून काढली, कपाळाला लावली (हे मी स्वतः पाहिलं) आणि तो प्रोग्राम नव्याने मशीनवर चढवला. त्यात आम्ही केलेले सगळे बदल पुसले गेले. पत्रांचे समास बदलले, पानांचे आकडे वरचे खाली गेले. रेघा मात्र तशाच.

आता आरोप करायला निर्जीव काही उरलं नाही. तेव्हा साहेबांनी माणसं बघायला सुरुवात केली. त्या काळी कॉम्प्युटर नोकऱ्या खाणार म्हणून शहरभर मोर्चे निघत. आमच्याही फाटकावर घोषणा रंगवलेल्या होत्या. साहेबांना वाटू लागलं की हे युनियनचं काम आहे. त्यांच्याच नावावर काट मारून कुणीतरी इशारा देतंय. आणि मसुदे कोण टाइप करतं? पी.ए.

एका दुपारी पी.ए. मशीनरूममध्ये आले. आज त्यांनी हात पुसले नाहीत. माझ्यापुढे एक कागद ठेवून उभे राहिले. तो मेमो होता. संचालकांच्या नावाशी अवमानकारक चिन्हे जोडल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा.

"दीदी," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी साहेबांची पत्रं लिहितो. त्यांचं नाव मी खुद्द त्यांच्यापेक्षा जास्त वेळा लिहिलं असेल. त्यावर मी रेघ मारीन?"

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. मेमोची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि रोजच्यासारखा मसुदा टाइप करायला लागले. नाव आलं तिथे क्षणभर थांबले, उमटलेल्या अक्षरांकडे वाकून नीट बघितलं आणि मग पुढे गेले.

त्या संध्याकाळी मी घरी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आमच्या बँकेत असं झालं असतं तर कॉम्प्युटरलाच मेमो दिला असता."

"विनोद नका करू. त्या माणसाची नोकरी जाईल."

"मग तू शोधून काढ ना. तुम्ही आतापर्यंत वीज तपासली, तार तपासली, टेप तपासली. साहेबांना कुणी तपासलं का?"

त्यांनी गमतीत म्हटलं होतं. मलाही तेव्हा ते गमतीचंच वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्याच कामासाठी मागच्या इमारतीत गेले. सर्वेक्षण विभागात चार-पाच बायका जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली तागाची आकडेवारी टेलिटाइपवरून मशीनला देत. त्यांच्या प्रमुख एक वयस्कर बाई होत्या, सगळ्या त्यांना बडदी, म्हणजे मोठी ताई, म्हणत. बडदींनी मला एक छापील कागद दाखवला आणि एका आकड्याबद्दल विचारलं. मी आकड्याकडे बघितलंच नाही. कागदावर सगळा मजकूर कॅपिटलमध्ये होता आणि जिल्ह्यांच्या नावांआधी तिरक्या रेघा होत्या.

"ह्या रेघा कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून," बडदी म्हणाल्या. "का? नसतात का?"

त्यांना वाटत होतं, कॉम्प्युटरचा कागद असाच असतो. मी खुर्ची ओढून बसलेच. ह्या जुन्या टेलिटाइपवर लहान अक्षरं नव्हतीच. एकूण एक अक्षर कॅपिटल. त्यामुळे मशीन सरसकट कॅपिटल छापायचं आणि जे अक्षर खरोखर कॅपिटल आहे त्याच्याआधी खूण म्हणून रेघ मारायचं. बायकांची सोय होती ती. म्हणजे संचालकांच्या चकचकीत पडद्याला आमचं मशीन एक गरीब, जुनं टेलिटाइप समजत होतं. पण का?

युनिक्सचं एक बरं होतं. तिच्या आतले प्रोग्राम वाचायला मिळत. मी मशीनरूममध्ये जाऊन, सुरुवातीला नाव विचारणाऱ्या प्रोग्रामचा कागद काढला आणि पेन्सिल घेऊन ओळीओळीने वाचत गेले. ते वाक्य सापडलं तेव्हा मी एकटीच खो खो हसले. माणसाने आपलं नाव पूर्णपणे कॅपिटलमध्ये टाइप केलं, तर मशीन असं धरून चालत होतं की बिचाऱ्याच्या यंत्रात लहान अक्षरं नाहीत; आणि मग त्याला समजेल अशा भाषेत, म्हणजे सगळं कॅपिटलमध्ये, त्याच्याशी बोलत होतं. मी चिठ्ठीवरचं नाव चिठ्ठीवर होतं तसं, लहान अक्षरांत टाकत होते. साहेब एकटे बसून, आपलं नाव कॅपिटलमध्ये टाकत होते.

मी धावत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद दोनदा वाचला. "इंटरेस्टिंग," म्हणाले, आणि मग, "तुम्हीच सांगा त्यांना. तुम्ही शोधलंय, श्रेय तुमचं." श्रेयाच्या बाबतीत इतकं उदार झालेलं मी त्यांना त्यानंतर कधी पाहिलं नाही.

साहेबांपुढे आम्ही दोघं उभे राहिलो. डॉक्टर अर्धं पाऊल मागे.

"सर," मी विचारलं, "आपण सुरुवातीला नाव कसं टाइप करता?"

"जसं आहे तसं."

"म्हणजे कॅपिटल अक्षरांत?"

"अर्थात. दारावरच्या पाटीवर कसं आहे? लेटरहेडवर कसं आहे?"

"सर, त्यामुळे मशीनला असं वाटतं की आपल्याकडे लहान अक्षरं नाहीत. आपण नाव लहान अक्षरांत टाकलंत की..."

"लहान अक्षरांत?"

"हो, सर. सगळेच तसं टाकतात."

"सगळे टाकत असतील." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, ह्या संस्थेचा संचालक स्वतःचं नाव शिपायासारखं लहान अक्षरांत लिहिणार नाही. मशीन संस्थेसाठी आहे, संस्था मशीनसाठी नाही. मशीन सुधारा."

डॉक्टर मागून म्हणाले, "होईल, सर."

"आणि सर, पी.ए. बाबूंचा मेमो," मी म्हणाले. "त्यांचा ह्यात काहीच दोष नव्हता. तो मागे घ्यायला हवा."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मेमो मागे घेतला तर तो चुकीने दिला होता असं होईल."

"तो चुकीनेच दिला होता, सर."

डॉक्टरांनी माझ्या कोपराला बोट लावलं. आम्ही बाहेर आलो.

त्याच दुपारी डॉक्टरांनी मशीन सुधारलं. नाव विचारणाऱ्या प्रोग्राममधून तो नियमच काढून टाकला, साहेबांचं नाव कॅपिटलमध्ये नोंदवलं, आणि नाव टाकल्याबरोबर ताजा मसुदा आपोआप उघडेल अशी सोयही करून दिली, म्हणजे साहेबांना आणखी काही टाइप करायची तसदी नको. साहेबांच्या पडद्यावरच्या रेघा गेल्या. समितीने अभिनंदनाचा ठराव केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बडदींचा फोन आला. "तुमचं मशीन आज आम्हाला ओळखत नाही."

ओळखणार कसं? त्यांच्या टेलिटाइपवरून नाव कॅपिटलमध्येच जाणार, आणि कॅपिटलमधलं नाव समजून घ्यायचा नियम डॉक्टरांनी साहेबांच्या मानासाठी कापून टाकलेला. चार-पाच बायका आकडेवारीचे गठ्ठे पुढ्यात घेऊन बसून राहिल्या. मी डॉक्टरांकडे गेले.

"त्यांना नवे पडदे द्यायचा प्रस्ताव आहे," ते म्हणाले. "पुढच्या योजनेत. तोपर्यंत हाताने लिहू देत."

"नियम परत घाला. फक्त साहेबांच्या नावापुरता तो लागू होणार नाही, असं एक वाक्य जोडा. दहा मिनिटांचं काम आहे."

"एका माणसासाठी अपवाद? मूळ प्रणालीत?" ते खरोखर दुखावले. "हे तत्त्वात बसत नाही. सिस्टिम सगळ्यांना सारखी हवी."

"एका माणसासाठी अपवाद करायचा नाही म्हणून तुम्ही सगळ्यांचा नियम मोडलात!"

ते फळ्याकडे वळून चौकोन काढायला लागले. मी वाट बघितली. शेवटी मागे न वळता ते म्हणाले, "करायचंय तर तुमच्या जबाबदारीवर करा."

मी केलं. नियम परत घातला, साहेबांच्या नावाचं वाक्य जोडलं आणि त्याच्या शेजारी, हे कुणासाठी आणि का आहे, ते सरळ इंग्रजीत लिहून ठेवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर मागच्या इमारतीतून टेलिटाइपचा खडखडाट ऐकू यायला लागला. काही महिन्यांनी डॉक्टरांनी दिल्लीच्या एका परिषदेत 'प्रगत प्रणालींचे भारतीय परिस्थितीशी अनुकूलन' ह्या विषयावर भाषण दिलं. माझं ते एक वाक्य त्यात पडद्यावर मोठं करून दाखवलं होतं. शेजारचा खुलासा तेवढा गाळला होता.

मेमोचं मी सोडलं नव्हतं. प्रशासनात गेले, पुन्हा साहेबांना भेटले, जिथे तिथे तेच बोलले. अखेरीस पी.ए. बाबूंना दुसरा कागद मिळाला. तो त्यांनी मला वाचायला दिला. आपला खुलासा समाधानकारक आढळल्याने प्रस्तुत प्रकरणी कारवाई करण्यात येत नाही. भविष्यात दक्षता घ्यावी.

"चला, सुटलात," मी म्हणाले.

"दीदी," ते म्हणाले, "जे मी केलंच नव्हतं, ते मला माफ झालंय."

त्यानंतर ते मशीनरूममध्ये आले नाहीत. आपल्या टेबलावर जुना टाइपरायटर घेऊन बसले आणि पत्रं पूर्वीसारखी कागदावर साहेबांपुढे ठेवू लागले. मी एकदा जाऊन विचारलं, कामाला हे जड नाही का पडत? त्यांनी रिबन नीट केली. "ह्याच्यावर मी जे मारतो तेच उमटतं," ते म्हणाले. मी पुन्हा आग्रह केला नाही.

साहेबांनी ह्याची दखल घेतली नाही. पत्रं वेळेवर येत होती. पडदा मात्र त्यांनी ठेवला. बाहेरून कुणी मोठे पाहुणे आले की क्रोशाचं झाकण बाजूला करून ते स्वतः, सगळ्यांसमोर, एका बोटाने आपलं नाव टाकून दाखवत. आता त्यांना त्याची लाज राहिली नव्हती. नाव टाकलं की आपोआप ताजा मसुदा उघडे. नवीन मसुदा कुणी टाइप करतच नव्हतं, त्यामुळे दर वेळी तेच जुनं पत्र उघडायचं, कुठल्याशा पुरवठादाराला लिहिलेलं, व्हरांड्यातल्या मोडक्या बाकांबद्दल. पाहुणे ते शेवटपर्यंत वाचत आणि माना डोलवत.